जुनं पाकीट, जुनी किल्ली
२०११ च्या सुमारास बिटकॉइन घेऊन विसरलेल्या माणसाला जुन्या हार्डडिस्कवर बिटकॉइनची खासगी किल्ली असलेली ‘वॉलेट.डॅट’ ही फाइल सापडते, पण ती वाचणारं ‘पायवॉलेट’ हे साधन काही केल्या चालत नाही. मूळ पायवॉलेट पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी लिहिलेलं. त्या पायथनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि ‘वॉलेट.डॅट’सारखी बर्कले डीबीची फाइल उघडणारं ‘बीएसडीडीबी’ मॉड्यूल पायथन ३ मधून आधीच गळालं. म्हणून जाणकार डॉकर या सॉफ्टवेअरच्या कंटेनरात, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या कप्प्यात, पायथन २.७ चा जुना संसार पुन्हा मांडतात. युक्ती झकास, पण खरी मेख पुढेच! कंटेनरला इंटरनेट आपोआप मिळतं आणि खासगी किल्ली बाहेर गेली, तर पैसे परत मिळवून देणारी बँक इथे नाही. तेव्हा आधी कंटेनरचं नेटवर्क तोडा आणि फाइलच्या प्रतीवरच प्रयोग करा.