उस्तादांनी काढलेली चूक

मराठीच्या प्राध्यापकांनी जुन्या स्पोर्ट्स कारच्या बिघडलेल्या आसनावर लेख लिहावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हा दोघांनाही आधी तसेच वाटले होते. परंतु गेल्या उन्हाळी सुट्टीत परभणीच्या वसमत रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये आम्ही दोन दिवस जे पाहिले, आणि नंतर ते लिहून काढताना आमची जी फजिती झाली, तिचा संबंध थेट आपल्या विषयाशी आहे असे आमचे मत झाले आहे.

प्रसंग साधा आहे. आमच्यापैकी एकाच्या मेव्हण्यांकडे सुमारे तीस वर्षांपूर्वीची, हौसेने घेतलेली एक दोन आसनी परदेशी गाडी आहे. तिचे चालकाचे आसन विजेवर पुढेमागे सरकते. एके दिवशी ते पुढच्या बाजूला तिरपे होऊन अडकले. मेव्हणे उंच, त्यामुळे गुडघे थेट स्टिअरिंगला टेकू लागले. मोठ्या शहरातल्या एका कार्यशाळेने संपूर्ण आसन बदलण्याचा सल्ला दिला. तसे आसन आता तयार होत नाही, हेही त्याच वाक्यात सांगितले. अखेर गाडी आमच्या ओळखीच्या उस्तादांकडे आली.

उस्तादांनी आधी हत्यार हातात घेतले नाही. त्यांनी कळ दाबली आणि कान लावला. “आवाज यायलाय, म्हंजे मोटर जित्ती हाय,” ते म्हणाले. आवाज नसता तर फ्यूज, कळ आणि वायर तपासावी लागली असती. आवाज आहे आणि हालचाल नाही, म्हणजे दोष मोटरीच्या पुढे आहे. एका वाक्यात निम्म्या शक्यता बाद झाल्या. मग त्यांनी बॅटरीची वायर सोडून काही वेळ जाऊ दिला, कारण आसनाखालून एअरबॅगच्याही वायरी जातात. पुढे खरा पेच होता. आसन पुढे अडकल्यामुळे रुळांचे पुढचे बोल्ट त्याखाली झाकले गेले होते. आसन सरकल्याशिवाय बोल्ट निघेना आणि बोल्ट निघाल्याशिवाय आसन सरकेना. उस्तादांनी हात आत घालून मोटरीतून केबल सोडवली आणि तिचे टोक बोटांनी फिरवत मागे राहिलेली बाजू दुसरीच्या बरोबरीला आणली. त्यानंतर दोन्ही बाजू थोड्याथोड्या मागे घेतल्या. या एका कामाला दुपार गेली.

आसन बाहेर आल्यावर उलगडा झाला. मोटर एकच, पण तिच्यापासून दोन लवचीक केबली दोन रुळांकडे जातात आणि तिथले आटे असलेले दांडे फिरवतात. एका केबलीचे चौकोनी टोक झिजून खाचेत निसटत होते. एक रूळ चालला, दुसरा थांबला, आणि आसन वाकडे होऊन जाम झाले. उस्तादांनी केबलीवरचे वेष्टन टोकाशी थोडे कापले, म्हणजे आतली तार खाचेत अधिक खोल बसेल. वाळून दगड झालेले जुने ग्रीस खरवडले, नवे भरले. आसन सरळ चालू लागले. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

हे ज्ञान कुठेतरी नोंदवून ठेवावे असे आम्हाला वाटले. उस्तादांचे वय झाले आहे आणि त्यांच्या हाताखाली आता कोणी शिकत नाही. आम्ही रात्री बसून टिपण तयार केले. त्यात ‘विद्युतचलित आसन-समायोजन यंत्रणा’ होती, ‘लवचीक प्रेषणदंड’ होता, ‘अपक्षरण’ होते. दुसऱ्या दिवशी ते वाचून दाखवले. उस्तादांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “छान लिहिलंय सर.” त्या क्षणी आमच्या लक्षात आले की त्यांना काहीही कळलेले नाही.

मग आम्ही त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहिले: आटे, खाच, जाम, स्लिप, बारा-तेराचा पान्हा. तिसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला. “मोटर बंद पडली असं कसं लिवलं सर? ती फिरतच व्हती की. एक पाय चालला, दुसरा थांबला.” आमची चूक निघाली, आणि आम्हाला विलक्षण समाधान वाटले.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्या मजकुरात जाणकाराला चूक काढता येते, तोच मजकूर ज्ञान वाहून नेतो. ज्याला तो केवळ ‘छान’ म्हणतो, तो मजकूर भाषेचा अलंकार असतो.

यावर एक आक्षेप आम्हाला आधीच ऐकू येतो. ही मराठी कुठे आहे? केबल, फ्यूज, स्लिप हे सारे इंग्रजीच नव्हे काय? नामे इंग्रजी आहेत, हे खरे. परंतु ‘मोटर जित्ती हाय’ या वाक्याचा प्राण त्याच्या विशेषणात आहे आणि ‘एक पाय चालला’ यातले रूपक अस्सल इथले आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, म्हणून त्याला आपण परका मानत नाही. साहित्यात आईच्या मायेला फुटणारा ‘पान्हा’ आणि गॅरेजमध्ये बोल्ट सोडवणारा ‘पान्हा’ एकाच भाषेत सुखाने नांदतात. आम्ही वर्गात त्यांपैकी एकच शिकवतो.

पारिभाषिक शब्द निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि परिभाषा कोशांचे मोठे काम उभे राहिले. पाठ्यपुस्तकाला अशा नेमक्या संज्ञा लागतातच. परंतु डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात मर्सिडीज गाडीतील आसनाच्या कळीची वाखाणणी केली आहे, ती येथे आठवते. त्या कळीचा आकारच आसनाचा आहे. पाठीचा तुकडा मागे ढकलला की पाठ मागे जाते. कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. कामकऱ्याचा शब्द त्या कळीसारखा असतो. आमचे ‘समायोजन’ म्हणजे एका रांगेत बसवलेली, एकसारखी दिसणारी बटणे.

हे भान मराठीला नवे नाही. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण, झाडलोट आणि शेणी यांची भाषा थेट विठ्ठलापर्यंत नेली. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात शेतकरी आणि कारागिरांचे शब्द मानाने बसले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची कामे नोंदवली. सुतार-लोहारापर्यंत जी नजर पोचली, ती मोटर मेकॅनिकपाशी येऊन का थबकावी?

आमच्या विभागात एम.ए.च्या प्रकल्पांसाठी दरवर्षी त्याच त्या कादंबऱ्यांतील त्याच त्या जाणिवा शोधल्या जातात. विषय आम्हीच देतो, तेव्हा दोष विद्यार्थ्यांचा नाही. यंदापासून आम्ही निदान एक प्रकल्प गॅरेज, मोटर रिवाइंडिंगचे दुकान किंवा पिठाची गिरणी यांच्या भाषेवर देणार आहोत. अट एकच ठेवली आहे: प्रबंध आमच्याकडे येण्यापूर्वी त्या कारागिराला वाचून दाखवायचा, आणि त्याने काढलेल्या चुका शेवटी परिशिष्टात जोडायच्या. ज्या प्रबंधाचे परिशिष्ट कोरे असेल, तो आम्ही परत पाठवू.