घरचा हिशेब : गाडीची वीज कुणाच्या वहीत?

मैत्रिणींनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरला गाड्यांची हौस काही आजची नाही. गावाचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, 2010 साली, इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि शहराचं नाव देशभर झालं. पुढे 2021-22 च्या सुमारास इथल्याच उद्योजकांनी तशीच एकजूट करून विजेच्या मोटारी घ्यायचा उपक्रम हाती घेतला. आता ही हौस बंगलेवाल्यांपुरती राहिलेली नाही. सिडकोत, गारखेड्यात साध्या नोकरदारांच्या दारातही विजेची स्कूटर किंवा मोटार दिसते.

गाडी कोणती घ्यावी, रंग कोणता, हे घरातले पुरुष ठरवतातच. पण आपण विचारायला हवा असा एक प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. पेट्रोल भरलं जायचं ते यजमानांच्या खिशातून. वीज मात्र येते लाइट बिलात, आणि लाइट बिल आपण भरतो घरखर्चातून. म्हणजे गाडीचा खर्च कमी झाला हे खरं, पण उरलेला खर्च गुपचूप त्यांच्या पाकिटातून उठून आपल्या डब्यात येऊन बसला! महिनाअखेरीला "एवढं बिल कसं आलं?" हा प्रश्नही आपल्यालाच.

तेव्हा आधी आकडे पाहू. गावात फिरणारी लहान मोटार एका युनिटमध्ये साधारण साडेसहा-सात किलोमीटर जाते. रोज 30 किलोमीटर धरले तर साडेचार युनिटं लागतात. महिन्याचे 26 दिवस धरले, तर झाली 117 युनिटं. एक युनिट अगदी 15 रुपयांना धरलं, तरी हे 1,755 रुपये होतात. तेवढंच अंतर पेट्रोलवर जायला, लिटरला 15 किलोमीटर या हिशेबाने, 52 लिटर पेट्रोल लागलं असतं. लिटर शंभर रुपयांचं धरलं तरी ते 5,200 रुपये. स्कूटरचं तर विचारूच नका. रोज 20 किलोमीटर चालवली तरी महिन्याला 20 युनिटांच्या आसपासच खर्च.

बचत मोठी आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ती कुणाच्या हाती राहते याचा. म्हणून गाडी घरात येण्याआधीच बोलून ठेवा : पेट्रोलला जेवढे पैसे बाजूला काढत होतो, त्यातले विजेचे पैसे दर महिन्याला घरखर्चात जमा व्हायचे. यात मागणं नाही, भांडण नाही, सरळ हिशेब आहे. आणि हिशेबाला पुरावा हवा, म्हणून गाडीच्या पॉइंटवर वायरमनकडून एक सबमीटर बसवून घ्या. एक तारखेला आकडा वहीत उतरवला की वाद उरत नाही.

आता बिलाबद्दल थोडं. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 चा त्याहून चढा, 301 ते 500 चा आणखी चढा, अशा पायऱ्या असतात. समजा, तुमचा वापर 220 युनिटं आहे. गाडीची 117 मिळवली की झाली 337. काही जणींना वाटतं की 300 ओलांडले म्हणजे सगळंच बिल चढ्या दराने येणार. तसं नाही. वरच्या 37 युनिटांनाच तो दर लागतो. आणि तुमच्याकडे स्मार्ट मीटर बसला असेल, तर 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेला युनिटमागे सवलत आहे. दुपारी घरी उभी असलेली स्कूटर तेव्हाच चार्जिंगला लावावी.

"पण वीज तर कोळशाचीच, मग धूर परळीला गेला एवढंच ना?" असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यात कोळशाच्या विजेचा वाटा अजूनही मोठा आहे. त्यावर दोन वाटा आहेत. पहिली, हरित वीज दराची. 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने युनिटमागे 66 पैसे जादा भरून पूर्णपणे सूर्य-वाऱ्याची वीज मागण्याची सोय ग्राहकांना खुली केली. सध्याचा दर महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावा. तारा त्याच राहतात, बरं का! दूध संघाच्या टाकीत सगळ्या गावांचं दूध एकत्र होतं, तसंच हे. तुमच्या पिशवीत अमक्याच गाईचं दूध येईल असं नाही, पण तुमच्या पैशाने तेवढं दूध त्या गोठ्यातून घेतलं जातं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, स्वतःचं छत नसलेल्या बहिणींना ही वाट बरी.

दुसरी वाट छताची. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. एक किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला चारेक युनिटं देतं, म्हणजे महिन्याला 120. मघाचा आकडा आठवा : मोटारीला लागतात 117! सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा मात्र हवी. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन वा जास्त किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान ठरलं. दिवसा जादा झालेली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि रात्री गाडीसाठी घेतलेल्या विजेतून वजा होते.

शेवटी सुरक्षिततेच्या चार गोष्टी. गाडीसाठी मेन बोर्डावरून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी घ्या. अर्थिंग तपासल्याशिवाय चार्जर लावू देऊ नका. खिडकीतून सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको, मग कुणी कितीही घाईत असो. मे महिन्यात तापून आलेली गाडी तास-अर्धा तास सावलीत निवू द्या, मग चार्जिंगला लावा. आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे गाडीची नोंदणी करण्याआधीच पाहा.

एवढं झालं की एका रविवारी दोघांनी मिळून वहीत गाडीचं पान उघडा. आणि त्याच पानावर, ती गाडी तुम्ही स्वतः चालवायला कधी शिकणार, तीही तारीख लिहून टाका.