सहावारी, सहा पिना आणि शाळेची घंटा

शाळा सुरू व्हायचे दिवस आले की बेळगावच्या बाजारात दोन तऱ्हेची गर्दी दिसते. एक, मुलांचे गणवेश, वह्या आणि बूट घेणाऱ्या पालकांची. दुसरी, फॉल-पिकोच्या आणि ब्लाऊज शिवणाऱ्यांच्या दुकानांत ताटकळणाऱ्या शिक्षिकांची. मुलांच्या गणवेशाबद्दल पालकसभेत तावातावाने बोललं जातं. कापड जाड आहे, रंग जातो, किंमत जास्त आहे, सगळं निघतं. शिक्षिकेच्या कपड्यांबद्दल मात्र चर्चा होत नाही. कारण तिथे चर्चेला जागा आहे, असंच कुणाला वाटत नाही. 'बाईंनी साडी नेसायची' एवढं एक वाक्य पुरतं. लेखी नियम दाखवा म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी कागद निघणार नाही, पण नियम पक्का.

आपल्या भागात मराठी शाळेतली शिक्षिका म्हणजे 'बाई', कन्नड शाळेतली 'अक्कोर'. आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात दोन्ही शब्द एकाच जेवणात ऐकू येतात. शब्द दोन असले तरी डोळ्यांपुढे येणारं चित्र एकच. चापूनचोपून नेसलेली साडी, अंबाडा किंवा वेणी, मनगटावर घड्याळ. मीही पंधरा वर्षं अशीच शाळेत जाते आहे. साड्यांची मला हौस आहे. खासबाग-वडगावच्या मागांवरची साडी असो की इरकल, कपाट उघडलं की बरं वाटतं. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते साडीविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ज्या घरात लहान मुलं आहेत, त्या घरातल्या शिक्षिकेची सकाळ कशी असते ते पाहा. आमच्याकडे मुलगी दुसरीत, मुलगा तीन वर्षांचा. साडेपाचला उठायचं. पाणी यायचा दिवस असेल तर त्याआधी. भाकरी किंवा चपाती, दोन डबे आणि एक छोटा डबा, मुलीची वेणी, मुलाचं दूध, गृहपाठाची वही शोधणं. हे सगळं उरकून शेवटची पंधरा मिनिटं राहतात ती साडीची. निऱ्या, पदर, पिना. खांद्याला दोन, निऱ्यांना एक, कमरेला दोन आणि एखादी अंदाजाने. मी एकदा मोजल्या, सहा भरल्या. आणि नेमकं त्याच वेळी धाकट्याला उचलून घ्यावंसं वाटतं! कडेवर घेतला की पदर ओढतो, नाही घेतला की दारात बसून भोकाड पसरतो. पिन लागेल म्हणून मूल दूर ठेवायचं आणि मग त्याच साडीत दुसऱ्यांच्या चाळीस मुलांना जवळ घ्यायला जायचं. शनिवारी तर सकाळची शाळा. त्या दिवशी ही सगळी कसरत आणखी दोन तास अलीकडे सरकते.

आमच्या ह्यांचीही नोकरी शाळेतच. त्यांची तयारी सात मिनिटांत होते. इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, पट्टा. कालचीच पॅन्ट आज घातली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मी सोमवारची साडी गुरुवारी नेसले तर वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगीसुद्धा सांगते, "बाई, ही परवाचीच." मुलं निरागसपणे बोलतात, त्यांचं काही नाही. पण बाईंच्या कपड्याकडे पाहायची सवय त्यांना कुणी लावली, याचा विचार मोठ्यांनी करावा.

शाळेपर्यंतच्या वाटेचंही तसंच. दुचाकीवर मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा हवा, असा नियम १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आला. त्या आडोशाला आपण सरळ 'साडी गार्ड' म्हणतो. नियम चांगलाच आहे. पण त्यात बाई मागे बसलेली आहे. आज ती हँडल धरून पुढे बसते, मागे मूल असतं, पायाशी डब्यांची पिशवी असते, आणि पावसाळ्यात साडीवर रेनकोट चढवायचा असतो. काळ पुढे सरकला तरी कपड्याची अपेक्षा मागच्या सीटवरच राहिली.

आता वर्गातलं काम पाहू. साडीची अपेक्षा ठरली तेव्हा शिक्षिका खुर्चीवर बसून किंवा फळ्यापाशी उभी राहून शिकवत होती. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत आता 'नली-कली' आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर गेली. तिच्यात पहिली-दुसरीची मुलं चटईवर गटागटाने बसतात, कार्डं घेऊन शिकतात, आणि भिंतीवरचे फळे मुलांच्या हाताला येतील इतके खाली असतात. म्हणजे अक्कोर दिवसभर मांडी घालून बसणार, उठणार, वाकणार, या गटातून त्या गटात जाणार. मराठी शाळांतही लहान वर्गांचं काम फार वेगळं नाही. कवायत, खेळ, मधल्या सुट्टीतलं दूध आणि जेवणाचं वाटप, पडलेल्या पोराला उचलून धावणं, सगळं आलंच. काम जमिनीवर उतरलं, आपल्या मनातली बाई मात्र अजून खुर्चीवरच बसली आहे.

साडीची बाजूही मांडली पाहिजे. बावीस वर्षांची नवी मुलगी सातवीच्या वर्गावर पहिल्यांदा जाते, तेव्हा साडी तिला आधार देते. वर्ग जरा गप्प बसतो. पालक ओळखतात. पदराने रडक्याचं नाक पुसता येतं, उन्हात डोक्यावर घेता येतो. आणि साडी टिकली तर विणकराचा मागही टिकतो, हे आपल्या भागात सांगायला नको. ज्या शिक्षिकेला साडीत सोपं जातं तिने रोज नेसावी. माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाई साडी नेसून मुलांबरोबर लंगडी खेळतात. मला ते जमत नाही. प्रश्न जमण्या-न जमण्याचा आहे, संस्कृतीचा नाही.

संस्कृतीवरून आमच्या अत्तींचं बोलणं सांगते. माझ्या सासूबाई गोकाककडच्या, घरात त्यांना आम्ही कन्नड रिवाजाप्रमाणे अत्ती म्हणतो. त्यांचं आयुष्य इरकल नेसण्यात गेलं. शाळेत ड्रेस घालून गेलं तर चालेल का, असा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. अत्ती म्हणाल्या, "होलात जाताना आम्ही कच्ची मारायचो. भांगलायला बसायचं, ओझं डोक्यावर घ्यायचं, गोल साडी कशी चालेल? देवळात जाताना मग सरळ नेसायचो. काम तशी सीरी." होल म्हणजे शेत, कच्ची म्हणजे कासोटा, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. मराठी नऊवारीचा काष्टाही त्याच कारणासाठी. आपल्या आज्या-पणज्यांनी कपडा कामापुढे वाकवला, काम कपड्यापुढे नाही. पिनांनी बांधलेली गोल सहावारी हीच कायमची परंपरा असं आपण धरून बसलो, ते अलीकडचं आहे.

शाळेत आपण मुलांना सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट सांगतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, वाटेत अंगावर चिखल-शेण पडायचं, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवायच्या. त्या गोष्टीतलं लुगडं महत्त्वाचं नाही. काहीही झालं तरी वर्गात मुलींसमोर उभं राहायचं, हे महत्त्वाचं.

आपल्या सीमेपलीकडे काय चाललं आहे तेही पाहू. महाराष्ट्र सरकारने १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. जीन्स, टी-शर्ट, भडक नक्षीचे कपडे नकोत असं त्यात आहे, पुरुषांनी शर्ट खोचावा असंही आहे. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण महिलांसाठी त्यात साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असा पर्याय लिहिलेला आहे. म्हणजे ज्या सूचनेला लोकांनी कडक म्हटलं, तीसुद्धा चुडीदार मान्य करते. केरळ सरकारने तर नोव्हेंबर २०२१ मध्ये, शिक्षिकांवर साडीची सक्ती करू नये, असं महाविद्यालयांना कळवलं. चंदगडची शिक्षिका चुडीदार घालून शिकवू शकते, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरची बेळगावची शिक्षिका तेच विचारायला दहा वेळा बिचकते. सीमेवर राहण्याचे बरेच तोटे आपण मोजतो, त्यात हा एक न मोजलेला.

हे सगळं गैरसोयीपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण एका मैत्रिणीचं उदाहरण डोळ्यांसमोरून जात नाही. एका खाजगी शाळेत ती आठ वर्षं पहिलीला शिकवत होती. पहिलीच्या मुलाला अक्षर कसं द्यावं, हे तिच्याकडून शिकावं. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली तेव्हा बाळ सात महिन्यांचं. माहेर शाळेजवळ. मधल्या सुट्टीत आई बाळाला घेऊन यायची. तुम्ही म्हणाल, दूध पाजायला साडीसारखं सोयीचं काय? घरात, सैल पदराची साडी खरीच सोयीची. पण पिनांनी बांधलेली, दहा मिनिटांत सोडून पुन्हा नेसायची, आणि तीही पुरुष शिक्षकांसह सगळ्यांच्या एकाच खोलीत? वर्गात असताना ब्लाऊज ओला झाला तर पदर छातीशी धरून फळ्यावर लिहायचं. तिने दोन गोष्टी मागितल्या. वर्षभर कुर्ता घालायची मुभा आणि दार लागेल अशी एक जागा. उत्तर आलं, "एकीला दिलं तर सगळ्या मागतील." दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेली नाही. तिच्या वर्गाला वर्षाच्या मध्येच नव्या बाई आल्या. ज्या मुलांची अक्षरं नुकती जुळू लागली होती, त्यांनी पुन्हा नव्या आवाजाची सवय करून घेतली.

मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामावरच्या आईला दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सवड द्यावी, ही तरतूद आपल्या देशाच्या कायद्यात १९६१ पासून आहे. २०१७ साली प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. सातव्या महिन्यात बाळ आईला विसरत नाही, आणि आईचं शरीरही शाळेचं वेळापत्रक पाहून चालत नाही. कायद्याने वेळ दिली, तिचा उपयोग करता येईल असा कपडा आणि अशी खोली देणं शाळेच्या हातात आहे.

मग करायचं काय? मोर्चे काढायची गरज नाही. वर्षाच्या पहिल्या बैठकीत तीन गोष्टी ठरवता येतील. एक, साडी किंवा दुपट्ट्यासह सलवार-कुर्ता, दोन्ही चालतील असं लेखी लिहावं. लेखी असलं की नव्या मुलीला प्रत्येकीचं तोंड पाहून अंदाज घ्यावा लागत नाही. दोन, एखादी सामानाची खोली रिकामी करून आतून कडी, एक खुर्ची आणि पंखा द्यावा. तीन, ठरावीक रंगाची साडी हवी असेल तर तिचा, फॉलचा आणि शिलाईचा खर्च संस्थेने द्यावा. मुलांच्या गणवेशाचा खर्च कोणी करायचा हे विचारतो, तसंच हेही विचारावं.

पालकांनाही एक विनंती. तुमच्या मुलाच्या बाई उद्या चुडीदारमध्ये दिसल्या तर फाटकाशी उभं राहून कुजबुजू नका. वही उघडून पाहा. मूल वाचतं का, लिहितं का, शाळेत जायला कुरकुरत तर नाही ना, हे पाहा. शाळा सुधार समितीत तुमची ओळख असेल तर हा विषय तुम्हीच काढा. शिक्षिकेने स्वतःसाठी मागितलं की हट्ट वाटतो, पालकाने मागितलं की सूचना होते. आणि मुख्याध्यापकांनी 'सगळ्या मागतील' याची धास्ती घेऊ नये. सगळ्या मागत असतील तर ती गरज आहे, असं समजावं.