तळघरांतला गुत्ता आणि वेशीवरचा गुत्ता

पाटोदा तालुक्यांतला एका माळ्याचा शिकलेला मुलगा पाडव्याला मुंबईहून घरीं आला होता. आईबाप नुकतेच ऊसतोडीच्या फडावरून परतलेले. मुलानें पारावर बसून मोठ्या कौतुकानें हकीकत सांगितली. कचेरींतल्या मित्रांनीं त्याला एका गुप्त दारूघरांत नेलें. बाहेरून पाहावें तों पुस्तकांचें दुकान! एक कपाट ढकललें कीं मागें जिना, आणि जिना उतरला कीं तळघरांत गुत्ता. दारावर परवलीचा शब्द सांगावा लागतो म्हणे. बापाचा आठवड्याचा घाम तेथें एका रात्रींत गेला.

हें सोंग अमेरिकेंतून आलें. तेथें १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती आणि पिणाऱ्यास खरोखर लपावें लागे. मुंबईंतहि १९५० पासून कडक दारूबंदी झाली, तेव्हां 'आंटी'च्या खोलींत लोक चोरून पीतच होते. आज परवाना भिंतीवर टांगलेला असतो आणि लपण्याची हौस तेवढी पैसे मोजून विकत घ्यावयाची. असो. ज्याला उधळावयाचें त्यानें उधळावें.

परंतु मुंबईंत दुसऱ्याहि जातीचीं तळघरें आहेत. त्यांची हकीकत पारावर कोणी सांगत नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें अंधेरीच्या एका बारवर पोलिसांची धाड पडली. कित्येक तास झडती झाली, तरी नाचणारी एकहि बाई सांपडेना. शेवटीं रंगखोलींतल्या मोठ्या आरशाचा संशय आला. तो घणानें फोडला, तों मागें चोरदार, आणि आंत १७ बाया लपविलेल्या! तेथें थंड हवेची सोय होती असें छापून आलें. कोंबड्यांच्या खुराड्यालाहि हवा ठेवावी लागतेच. मालकानें तळघर स्वतःसाठीं बांधलें नव्हतें, गिऱ्हाइकासाठींहि नव्हे. जिच्या नाचावर गल्ला भरावयाचा, तिलाच भिंतीआड कोंडावयाचें!

अशा बायांत पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या जातींच्या मुली पुष्कळ. आमचे नीतिमान सरकार त्यांना तारावयास निघालें तेंहि पाहा. २००५ सालीं बारमधला नाच बंद केला. पण तीन ताऱ्यांच्या व त्यांहून मोठ्या हॉटेलांस आणि क्लबांस सूट ठेविली. म्हणजे स्वस्त खुर्चीसमोर नाच झाला तर पाप, आणि महाग खुर्चीसमोर झाला तर कला! ज्यांच्या सावलीचा विटाळ होतो पण ज्यांच्या पैशाची दक्षिणा चालते, त्या आम्हां लोकांस हें सोंवळें नवें नाहीं. सुप्रीम कोर्टानें २०१३ सालीं हा भेद फेटाळून बंदी रद्द ठरविली. मग २०१६ चा नवा कायदा, मग २०१९ मध्यें त्यांतल्याहि कांहीं अटी कोर्टानें काढल्या. वकिलांचीं घरें भरलीं, आणि भिंतींतलीं भगदाडें होतीं तशींच राहिलीं.

गरिबाच्या दारूला तळघर लागत नाहीं. मालवणीच्या झोपडपट्टींत जून २०१५ मध्यें विषारी दारूनें शंभरावर माणसें मेलीं. ती उघड्या वस्तींतच विकली जात होती. जोतीराव फुले पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. त्यांनीं १८८० सालीं दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलें, तें पिणाऱ्याला शिव्या देण्यासाठीं नव्हे. दुकानावर बोट ठेवण्यासाठीं. आपणहि दुकानावरच बोट ठेवूं.

बीड जिल्ह्यांतला गुत्ता वेशीवर असतो, आणि त्याचें दार लावण्याची किल्ली कायद्यानें गांवच्या बायकांच्या हातीं दिली आहे. २००८ सालच्या नियमांनीं त्यांना मतदान मागतां येतें: उभी बाटली कीं आडवी? मात्र आडव्या बाटलीस यादींतल्या एकंदर बायकांपैकीं निम्म्याहून अधिक मतें पडावीं लागतात. मतदानाला आलेल्यांपैकीं निम्मीं पुरत नाहींत. येथेंच आपल्या जिल्ह्याची मेख आहे. दसरा-दिवाळी उलटली कीं कोयत्याच्या जोड्या सांगली-कोल्हापुराकडे, कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. त्या दिवसांत मतदान लागलें, तर फडावरच्या प्रत्येक बाईचें मत न विचारतां उभ्या बाटलीला गेल्यासारखेंच होतें. ती तिकडे मोळी बांधीत असते आणि इकडे तिच्या नांवावर गुत्ता तगतो. दुकानदार हिशेबांत कच्चा नसतो!

म्हणून बायांनो, अर्ज पाडव्यानंतर लागलाच करा आणि गाडी फडाकडे निघण्यापूर्वीं मतदान व्हावें असा तगादा कचेरींत लावा. सह्या गोळा करतांना त्या शिकलेल्या मुलाच्या आईला पहिली सही करूं द्या. मुलाला यादी वाचावयास बसवा, त्याच्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग होईल. मेलेल्या बायांचीं आणि लग्न होऊन सासरीं गेलेल्या लेकींचीं नांवें यादींत राहिलीं असतील, तीं आधीं कमी करून घ्या. नाहींतर हिशेबांत तींहि उभ्या बाटलीच्याच पारड्यांत पडतील.