यंत्राचा आकडा आणि माणसाचा शब्द



हिशेबाच्या कामात एक जुना नियम आहे. खतावणी जुळली नाही, तर आधी नोंदी तपासायच्या, बेरीज पुन्हा मारायची आणि मगच माणसाकडे बोट दाखवायचे. हा साधा नियम मोडला की किती संसार उद्ध्वस्त होतात, हे ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसच्या प्रकरणाने साऱ्या जगाला दाखविले आहे.

तिकडे गावोगावची बहुतेक पोस्टे पगारी नोकर चालवीत नाहीत. छोटा दुकानदार कंत्राटावर पोस्टाची खिडकी सांभाळतो. त्याला सब-पोस्टमास्तर म्हणतात. सन १९९९ पासून या पोस्टांत फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणक यंत्रणा बसविली गेली आणि अनेक ठिकाणी पडद्यावर तूट दिसू लागली. लोक गल्ला पुन:पुन्हा मोजत, पण संगणक म्हणे हजारो पौंड कमी! कंत्राटावर बोट ठेवून पोस्ट ऑफिस ती रक्कम मागू लागले. कुणी साठविलेली पुंजी ओतली, कुणी कर्ज काढले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांत दोषी ठरले. २०१० साली भारतीय वंशाच्या एका गरोदर भगिनीला तुरुंगात जावे लागले.

यंत्रात दोष होतेच. त्यातला एक पाहा. बटण दाबले तरी पडदा बदलत नसे. काम झाले नाही असे समजून माणूस पुन्हा दाबी आणि दर वेळी तीच रक्कम नव्याने नोंदली जाई. पण दोष कोणत्या यंत्रात नसतात? खरा दोष यंत्राभोवतीच्या कारभाराचा होता. मदतीसाठी फोन केला, तर “असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे” असे अनेकांना ऐकविले गेले. ‘हा आकडा मला मान्य नाही’ असे सांगण्यासाठी पडद्यावर सोयच नव्हती. तूट भरली किंवा मान्य केली, असे दाखविल्याशिवाय पुढचा हिशेब उघडत नसे. कंपनीचे लोक दुरून पोस्टाच्या नोंदी बदलू शकत होते, पण ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारण्यात आली. तपास करणारे पोस्ट ऑफिस आणि बहुतेक खटले भरणारेही तेच! शिवाय, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालतो, असे न्यायालयही धरून चाले. गरीब दुकानदाराने ते सिद्ध करायचे तरी कसे?

मग वाट निघाली कशी? वेल्समधील सब-पोस्टमास्तर ॲलन बेट्स यांनी तूट मान्य करायला नकार दिला. २००३ साली त्यांचे पोस्ट काढून घेण्यात आले, पण ते गप्प बसले नाहीत. २००९ साली फेनी कॉम्प्टन या खेड्यातील सभागृहात असे अनेक पीडित जमले आणि ‘आपण एकटे नाही’ हे प्रत्येकाला कळले. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. यंत्रणेतील दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती, असा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये लागला. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली. २०२४ साली तर शेकडो शिक्षा रद्द करणारा कायदाच करावा लागला. मात्र या छळापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी, असे २०२५ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. ती माणसे कोणता निकाल परत आणणार?

बंधू-भगिनींनो, आज रेशन दुकानापासून बँकेपर्यंत आपलाही कारभार पडद्यावर आला आहे. आपली मुले-मुली अशाच खिडक्यांमागे नोकरी करीत आहेत. त्यांना यंत्राचा द्वेष शिकवू नका, पण यंत्रापुढे मान तुकवायलाही शिकवू नका. प्रत्येक व्यवहाराची पावती घ्या. घरच्या वहीत तारीख, वेळ आणि रक्कम लिहा. तक्रार लेखी द्या आणि पोच मागा. न पटलेल्या आकड्याखाली सही करू नका. आणि “फक्त तुम्हालाच त्रास आहे” असे कुणी म्हणाले, तर शेजारच्या चार जणांना जरूर विचारा.