हसणारा प्रेक्षक कोणाच्या बाजूला? : 'किनोदोंदास' या ग्रीक चित्रपटाच्या निमित्ताने

योर्गोस लान्थिमोस या ग्रीक दिग्दर्शकाचा 'किनोदोंदास' (२००९) हा चित्रपट भाषेच्या एका पाठाने सुरू होतो. टेपरेकॉर्डरवर एका स्त्रीचा आवाज त्या दिवसाचे नवे शब्द आणि त्यांचे अर्थ सांगत असतो. समुद्र म्हणजे लाकडी हातांची चामडी खुर्ची. महामार्ग म्हणजे फार जोराचा वारा. सहल म्हणजे जमिनीवर बसवण्याचे एक टिकाऊ साहित्य. कार्बाइन म्हणजे एक सुंदर पांढरा पक्षी. ऐकणारी तिन्ही मुले चांगली वयात आलेली आहेत आणि ती हे सारे निमूटपणे ऐकून घेतात. प्रेक्षागृहात पहिले हसू बहुधा येथेच फुटते. पुढे दीड तासात हे हसू कधी अडखळते, कधी अर्ध्यावर थांबते, आणि काहींच्या बाबतीत त्याचे रूपांतर संतापात होते. या चित्रपटाविषयी जे बोलले आणि लिहिले गेले, त्यात चित्रपटाच्या अर्थाची चर्चा भरपूर झाली. त्या पहिल्या हसण्याची चर्चा मात्र फारशी झालेली दिसत नाही.

'किनोदोंदास' म्हणजे सुळा. इंग्रजीत हा चित्रपट 'डॉगटूथ' या नावाने ओळखला जातो. कथानक थोडक्यात सांगता येते. शहराबाहेरच्या एका प्रशस्त घरात आई, वडील, एक मुलगा आणि दोन मुली राहतात. मुलांना नावे नाहीत. उंच कुंपणापलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकलेले नाही. सुळा पडला की घराबाहेर जाण्यास माणूस सिद्ध होतो, अशी त्यांची समजूत करून दिलेली आहे. मांजर हा पृथ्वीवरील सर्वांत भयंकर प्राणी आहे आणि आकाशातली विमाने अधूनमधून बागेत पडतात, यावरही त्यांचा विश्वास आहे. वडील कारखान्यात जातात. तिथल्या पहारेकरी स्त्रीला ते मुलाच्या शरीरसुखासाठी पैसे देऊन घरी आणतात. तिच्याकडून थोरल्या मुलीच्या हाती काही व्हिडिओ कॅसेट्स लागतात आणि घराचा तोल ढळू लागतो.

कान महोत्सवात २००९ साली या चित्रपटास 'अं सर्तें रगार' विभागाचा पुरस्कार मिळाला आणि २०११ साली परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन लाभले. त्या नामांकनाचे अनेकांना आश्चर्य वाटले होते. कारण ज्या प्रेक्षकवर्गाच्या सोज्ज्वळ अभिरुचीविषयी ऑस्करची ख्याती आहे, त्याला या चित्रपटातील देहसंबंध, बागकामाच्या कात्रीने मारलेले मांजर आणि डंबेलने स्वतःचा दात पाडून घेणारी मुलगी सहन होईल, असे कोणी धरून चालले नव्हते.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत दोन प्रवृत्ती ठळक दिसतात. पहिली किळसेची. 'हे कशासाठी दाखवले?' एवढाच तिचा प्रश्न असतो. दुसरी उलगड्याची. तिला चित्रपटाचा 'अर्थ' सापडलेला असतो: हे घर म्हणजे पितृसत्ता, किंवा राज्यसंस्था, किंवा माध्यमे, किंवा कर्जबाजारी ग्रीस. समीक्षकांना साहजिकच दुसरी प्रवृत्ती जवळची वाटते. तरीही पहिली प्रतिक्रिया अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागते. किळस आलेला प्रेक्षक निदान पडद्यावरच्या गोष्टीपाशी थांबलेला असतो. उलगडा झालेला प्रेक्षक ती ओलांडून केव्हाच पुढे गेलेला असतो.

उलगड्याच्या घाईत साध्या कालक्रमाचेही भान सुटते. हा चित्रपट ग्रीसच्या आर्थिक अरिष्टाचे रूपक आहे, हे मत आता जवळजवळ सर्वमान्य झाल्यासारखे आहे. परंतु चित्रपट कानमध्ये दाखवला गेला तो २००९ च्या मे महिन्यात. ग्रीसची वित्तीय तूट आधी सांगितली गेली त्याहून कितीतरी मोठी आहे, हे जाहीर झाले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील निवडणुकीनंतर; पहिले मोठे कर्जसाहाय्य आले २०१० च्या मे महिन्यात. २०११ साली एका ब्रिटिश वृत्तपत्राने लान्थिमोस, अथिना राहेल त्सांगारी यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांना मिळून 'विचित्र लाट' अशा आशयाचे नाव दिले आणि तिचा संबंध देशाच्या दुर्दशेशी जोडला. हे नामकरण बाहेरून झाले, आणि चित्रपट त्यानंतर त्या नावाच्या चौकटीतून पाहिले जाऊ लागले. वस्तूला नाव देणारा तिच्या अर्थाचाही धनी होतो, हे ज्या चित्रपटात दाखवले आहे, त्याच्याच बाबतीत असे घडावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

ग्रीसच्या इतिहासाचा आधार घ्यायचाच असेल, तर तो अर्थकारणापेक्षा भाषेच्या इतिहासाचा घेणे अधिक सयुक्तिक ठरेल. आधुनिक ग्रीक समाज दीडशेहून अधिक वर्षे दोन भाषारूपांत विभागलेला होता. लोकांच्या तोंडी 'दिमोतिकी', आणि शासन, न्यायालय व विद्यालय यांत प्राचीन ग्रीकच्या ओढीने घडवलेली 'काथारेवुसा', म्हणजे शब्दशः 'शुद्ध होत जाणारी'. बायबलमधील शुभवर्तमानांचे लोकभाषेत भाषांतर झाले म्हणून १९०१ साली अथेन्समध्ये दंगल होऊन माणसे मेली. १९६७ ते १९७४ या काळातील लष्करी राजवटीने काथारेवुसाचा आग्रह पुन्हा टोकाला नेला. त्या राजवटीचा प्रमुख पापादोपुलोस आपल्या भाषणांतून देश हा रुग्ण आहे आणि त्याला प्लास्टरमध्ये जखडून ठेवणे भाग आहे, अशी उपमा वारंवार देत असे. राजवट कोसळल्यावर १९७६ साली दिमोतिकीला शिक्षणाची अधिकृत भाषा म्हणून मान्यता मिळाली. घरात एक शब्द आणि वर्गात दुसरा शब्द, आणि दोहोंपैकी 'खरा' कोणता हे वरून ठरणार, हा अनुभव वयस्कर ग्रीक प्रेक्षकाला नवा नव्हता. त्याला त्या टेपमधील आवाज ओळखीचा वाटला असेल, तर त्यासाठी रूपकाची गरज नव्हती.

आता त्या शब्दांकडे पुन्हा पाहावे. समुद्र, महामार्ग, सहल, कार्बाइन. हे शब्द स्वैर निवडलेले नाहीत. पहिले तीन बाहेर जाण्याचे शब्द आहेत आणि चौथा वाट अडवली तर लागणाऱ्या वस्तूचा. त्यांना दिलेले अर्थ मात्र खुर्ची, जमीन, वारा, पक्षी असे घरातले नाहीतर कुंपणाच्या आतून दिसणारे, जाणवणारे. शब्दकोशातून शब्द काढून टाकणे वडिलांना सहज शक्य होते. परंतु काढलेल्या शब्दाची जागा रिकामी दिसते. म्हणून शब्द ठेवायचा आणि त्याचे दार आतल्या बाजूला उघडायचे, अशी ही युक्ती आहे. ग्रीकांच्या लेखी समुद्र हा काही इतर शब्दांसारखा शब्द नव्हे. झेनोफनच्या ग्रंथात परमुलखातून परतणारे सैनिक समुद्र दिसताच त्याचे नाव घेऊन ओरडतात, कारण तो दिसणे म्हणजे घरची वाट सापडणे. त्या शब्दाची खुर्ची झाली, यात किती काय हिरावून घेतले गेले, ते ग्रीक कानाला लगेच कळते.

आणि तरीही प्रेक्षक हसतो. मुलगा बागेतून हाक देतो की, आई, मला दोन छोटे 'झोम्बी' सापडले, आणून देऊ का? (या घरात त्या शब्दाचा अर्थ पिवळे फूल असा आहे.) जेवताना मुलगी 'टेलिफोन' मागते आणि तिच्या हाती मीठ दिले जाते. हे हास्य कोणत्या जातीचे? संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत त्याचे उत्तर शोधणे उपयोगी ठरते. अभिनवगुप्ताने हास्याचे मूळ अनौचित्यात पाहिले आणि कोणत्याही रसाचा आभास हास्याला जन्म देऊ शकतो, असे प्रतिपादन केले. सीतेविषयी रावणाची रती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. परंतु अनौचित्य जाणवण्यासाठी औचित्य आधी ठाऊक असावे लागते, आणि ते रावणाला नव्हे, सामाजिकाला ठाऊक असते. 'किनोदोंदास'मध्ये मुलांच्या वागण्यात अनुचित असे काहीच नाही. त्यांना शिकवलेल्या नियमांप्रमाणे ती अत्यंत सालस, आज्ञाधारक, व्याकरणशुद्ध वागतात. अनौचित्य जाणवते ते केवळ योग्य अर्थ ठाऊक असणाऱ्याला. त्या घरात योग्य अर्थ ठाऊक असणारी माणसे दोनच: वडील आणि आई. प्रेक्षक हसतो त्या क्षणी तो त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलेला असतो. चित्रपटातील खरी अस्वस्थता या जागेतून येते. मांजर आणि रक्त यांचा क्रम त्यानंतरचा.

इयोनेस्कोच्या १९५० साली रंगभूमीवर आलेल्या पहिल्या नाटकाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकातील निर्जीव वाक्यांतून ते नाटक जन्मले. आपण भाषेची शोकांतिका लिहिली अशी त्याची समजूत होती, आणि ऐकणारे हसू लागले तेव्हा तो चकित झाला, असे त्यानेच नमूद केले आहे. लान्थिमोस व त्याचा सहलेखक एफ्थिमिस फिलिप्पू यांना असा भाबडेपणा परवडणारा नव्हता. हसू येणार हे त्यांनी गृहीत धरले आहे आणि नंतर त्या हसण्याची किंमत वसूल केली आहे.

मराठी प्रेक्षकाची स्थिती आणखी गमतीची आहे. ग्रीक त्याला येत नाही. तो इंग्रजी सबटायटल्सवर अवलंबून असतो. म्हणजे कानावर पडणारा आवाज एक आणि त्याचा अर्थ कोणीतरी पडद्याच्या तळाशी लिहून दिलेला. टेप ऐकणाऱ्या मुलांहून हे फारसे वेगळे नाही. एका प्रसंगी वडील फ्रँक सिनात्राच्या गाण्याची तबकडी लावतात, हा आजोबांचा आवाज आहे असे सांगतात आणि इंग्रजी ओळींचे ग्रीक 'भाषांतर' करून दाखवतात: आईवडील आपल्यावर प्रेम करतात, घर सोडू नये, इत्यादी. इंग्रजी जाणणारा प्रेक्षक येथे खदखदून हसतो, कारण या एकाच ठिकाणी त्याला मूळ पाठ ऐकू येतो आणि लबाडी पकडता येते. उरलेल्या वेळी तो भाषांतरकारावर विश्वास ठेवून असतो, आणि त्या विश्वासाची त्याला शंकाही येत नाही.

मराठी रंगभूमीला काळे हास्य अपरिचित नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाणा'त (१९७४) मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो आणि प्रेक्षागृह हसते. परंतु तिथे हसणाऱ्याला कीर्तनाचा आधार असतो. परंपरेने ओळखीचा झालेला आकृतिबंध त्याला कुठे हसायचे ते खुणावतो आणि शेजारचाही त्याच क्षणी हसत असतो. लान्थिमोसने असा आधार ठेवलेला नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही, चौकटीत कित्येकदा माणसांची डोकीच कापली गेलेली असतात, नट सपाट स्वरात बोलतात. हसावे की नाही, हे प्रत्येकाला एकट्याने ठरवावे लागते. थोरली मुलगी आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवशी थकेपर्यंत नाचते, तेव्हा एकाच ओळीतला एक प्रेक्षक हसतो आणि दुसरा त्याच्याकडे वळून पाहतो. 'चित्रपट विनोदी आहे की नाही' यावरून होणारे वाद या एकटेपणातून निर्माण होतात. परंपरेने सामुदायिक हास्याची सवय लावलेल्या प्रेक्षकाला ते अधिक बोचावेत, हे स्वाभाविक आहे.

त्या मुलीच्या बंडाविषयीही थोडे सावध राहायला हवे. अनेक प्रेक्षकांनी तिच्यात मुक्तीची आशा पाहिली. तथापि तिची बंडाची भाषा तिची नाही. ती चोरून पाहिलेल्या अमेरिकन चित्रपटांतील संवादांची आहे. ती स्वतःसाठी नाव घेते तेही 'ब्रूस'. एका फितीच्या जागी दुसरी फीत आली, एवढेच तूर्त म्हणता येते. वडील तिला त्या कॅसेटनेच मारतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते तर्कसंगत आहे.

पदव्युत्तर वर्गात असा चित्रपट किंवा असे नाटक शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर 'घर = सत्ता' असे समीकरण लिहिले जाते. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत तेच परत येते. खुर्चीला समुद्र म्हणणाऱ्या मुलांना हसलेला वर्ग आता हे समीकरण निमूटपणे वहीत लिहीत असतो. कोणाला हसू आले, कुठे आले, कुठे थांबले, हा प्रश्न आधी विचारला तर उत्तरे एकसारखी येणार नाहीत, आणि ती तपासणे परीक्षकाला अवघड जाईल. 'असंगत नाट्य' ही संज्ञा अभ्यासक्रमात ज्या सुखाने नांदते आहे, ते पाहता हा गैरसोयीचा मार्ग फारसा कोणी पत्करलेला नसावा.

चित्रपटाच्या अखेरीस सुळा पाडलेली मुलगी रात्री मोटारीच्या डिकीत जाऊन बसते. सकाळी वडील मोटार घेऊन कारखान्यात जातात, उतरतात, आत निघून जातात. कॅमेरा बंद डिकीवर स्थिरावतो. प्रेक्षक ती उघडण्याची वाट पाहू लागतात. बाहेरून किल्लीशिवाय ती उघडणार नाही आणि किल्ली कोणाजवळ आहे, हे त्यांना ठाऊक असते. तरी ते वाट पाहतात, आणि पडदा काळा होतो.