कॅमेऱ्याची पावती

गेल्या महिन्यात दोन दिवस कागलला होतो. शाळेतल्या एका मित्राचं तिथल्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, हे लोक टर्निंग-ड्रिलिंग करून पुढे पाठवतात. त्याचा आधीच फोन आला होता. "भावा, डेटाचा कायदा आलाय म्हणं. अडीचशे कोटी दंड हाय. आमचे कॅमेरे तेवढे कायद्यात बसवून दे की." सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटरपासून कायद्यापर्यंत सगळं येतं, असा गावाकडे समज आहे. गेलो.

एकूण १६ कॅमेरे. डीव्हीआरचा पासवर्ड डीव्हीआरवरच चिकटवलेला. लाइव्ह चित्र मित्राच्या मोबाइलवर, त्याच्या मेव्हण्याच्या मोबाइलवर आणि ज्याने कॅमेरे बसवले त्या पोराच्याही मोबाइलवर! (त्या पोराने वर्षापूर्वीच धंदा बदललाय.) एक कॅमेरा थेट डबा खायच्या जागेवर. मी पासवर्ड बदलला, नको ती खाती काढली, डब्यावरचा कॅमेरा मटेरियल गेटकडे फिरवला आणि "येथे सीसीटीव्ही सुरू आहे" अशी पाटी लिहून दिली. दोन तासांत कंप्लायन्स. मोबदला : एक मिसळ.

निघताना एका ऑपरेटरने गाठलं. "दादा, तुमी कॅमेऱ्याचं बघताय नव्हं?" त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला होता. कारण? चाळीस मिनिटं मशिन सोडून गायब, "कॅमेऱ्यात दिसतंय". त्याचं म्हणणं, मी कूलंट आणायला स्टोअरला गेलो होतो, तिथेही कॅमेरा आहे, तो बघा. "मला बी दाखवा की म्हटलं. तर म्हणाले, ते तुमाला दाखवायचं नसतंय." पंधरा दिवसांनी डीव्हीआरने त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढवलं. विषय संपला.

तो खरं बोलत होता की नाही, मला माहीत नाही. पण मुद्दा तोच आहे. आता कोणालाच माहीत होणार नाही.

रात्री कायदा उघडून बसलो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मालकांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. वाटलं होतं की या माणसाच्या हातात काहीतरी सापडेल. आणि काय सापडलं?

कलम ७ म्हणतं, नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमती लागत नाही. ठीक, समजू शकतो. ज्याच्या हातात पगार आहे त्याने मागितलेली संमती तशीही नावापुरतीच असते. पण पुढे बघा. कलम ५ मधली नोटीस संमतीला जोडलेली आहे. संमती नाही, तर नोटीसही नाही. म्हणजे मी लिहिलेली ती पाटीसुद्धा हा कायदा मागत नाही! आणि आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा हक्क, कलम ११? तोही ज्याने संमती दिली त्यालाच. ज्याला कोणी विचारलंच नाही, त्याला बघण्याचाही हक्क नाही. उरतं काय, तर कलम १३, मालकाकडे तक्रार करण्याची सोय. आणि तो अडीचशे कोटींचा कमाल दंड आहे माहिती नीट सुरक्षित न ठेवल्याबद्दल. थोडक्यात, फुटेज चोरापासून सांभाळा. ज्याचं आहे त्याला दाखवलं नाहीत तरी चालेल.

मी ऊसपट्ट्यातला. आमच्याकडे काटामारी म्हणजे काय ते कोणाला समजवावं लागत नाही. काटा कारखान्याचा असतो, पण वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. त्यावरही विश्वास नाही म्हणून बाहेरच्या काट्यावरचं वजन कारखान्यांनी मान्य करावं, ही मागणी शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. बापाला पावती आणि पोराला मात्र "कॅमेऱ्यात दिसतंय"? हे कुठलं गणित?

"हे फॅड परदेशातलं, आपल्याकडे कशाला," असं कोणी म्हणेलच. परदेशात कारखानदारी बंद पडलेली नाही. युरोपच्या कायद्यात (कलम १५) आपल्याबद्दलच्या माहितीची प्रत मागता येते. जर्मनीत लोअर सॅक्सनीच्या अधिकाऱ्यांनी जानेवारी २०२१ मध्ये लॅपटॉप विकणाऱ्या एका कंपनीला १ कोटी ४ लाख युरोंचा दंड जाहीर केला. कारण, दोन वर्षं ठोस संशय नसताना कामगारांवर कॅमेरे. कंपनीने त्याला आव्हान दिलं, पण "चोरी होऊ नये म्हणून" एवढं मोघम कारण तिथे त्या अधिकाऱ्यांना पुरलं नाही.

आणि आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, आणि फुटेज दीड वर्ष, जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं. कशासाठी? कोठडीतल्या माणसासाठी. तिथे कॅमेरा दुबळ्याचा साक्षीदार आहे. शॉप फ्लोअरवर तोच कॅमेरा फक्त मालकाचा साक्षीदार कसा काय होतो?

मित्राची बाजूही खोटी नाही. पितळेचे जॉब चोरीला जातात, हात मशिनमध्ये अडकतो, इन्शुरन्सवाला फुटेज मागतो. कॅमेरे काढा असं मी म्हणतच नाही. फुटेजमध्ये इतरांचे चेहरे असतात, प्रत देऊ नका, हेही मान्य. ऑफिसात बसवून स्क्रीनवर दाखवा की! पगार कापण्याआधी दाखवा, आणि वाद मिटेपर्यंत तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर वेगळा ठेवा. याला खर्च किती? पाचशे रुपये.

आणि पुण्यात एसीत बसून हे वाचणाऱ्यांनी "बिचारे कामगार" म्हणू नये. तुमचं स्वाइप कार्ड, लॅपटॉपवर दर काही मिनिटांनी निघणारे स्क्रीनशॉट, वर्क फ्रॉम होममधला तो "आयडल टाइम", सगळ्याला हेच कलम ७ पुढे केलं जाणार. अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणेल, "डेटा सांगतोय". तेव्हा डेटा दाखवा म्हणायचा हक्क तुम्हालाही नाही. प्रोडक्शन सर्व्हरवर कोणी काय केलं याचा लॉग मागणारे आपण, स्वतःबद्दलचा लॉग मागताना मात्र गप्प!

असो. दुसऱ्या दिवशी पाटीत एक ओळ वाढवून दिली : "या फुटेजवरून कोणावर कारवाई होणार असेल, तर त्याला ते आधी दाखवले जाईल." मित्राने वाचली, हसला. "कायद्यात हाय का हे?" नाही म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे की."

पाटी लागली आहे. तेवढी ओळ सोडून. पुढच्या खेपेला मिसळ माझ्याकडून, पण त्या ओळीवर बोलल्याशिवाय त्याला सोडणार नाही.